अम्मांचं शेवटचं गाठोडं

विहीण दुपारी दोनला येणार होती, आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी दहाला तुर्सुनॉय अम्मांना आपलं मरणाचं गाठोडं उन्हाला घालायची आठवण झाली.

दरवर्षी अंगणातली डाळिंबं तडकू लागली की अम्मा ते गाठोडं सोडायच्या. पांढरं कापड, शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांसाठी पंचे आणि गुलाबाच्या वासाचा साबण, बारा रुमाल, आणि मयतीला आलेल्यांना फाडून वाटायचं जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं रेशमी कापड. आमच्या मर्गिलान गावात असं गाठोडं कुठली म्हातारी बांधत नाही? पण अम्मांइतक्या हौसेनं क्वचितच कुणी बांधलं असेल. नवरीनं रुखवत दाखवावं तसं त्या येईल त्याला ते दाखवायच्या. 'हा हिवाळा काही मी बघत नाही' असं म्हणत म्हणत त्यांनी गेले वीस हिवाळे बघितले होते, आणि शहाऐंशीव्या वर्षी त्यांच्या आवाजाला मोहल्ल्यातली कुत्रीसुद्धा दबून होती.

मुकद्दसनं चुलीपासूनच विनवलं की अम्मा, आज राहू द्या, उद्या घालू उन्हाला. ती बिचारी पहाटेपासून खिम्याचे समसे भरत होती. घरात लेकीचं लग्न, दुपारी व्याह्यांकडच्या बायका लोबारचं अंथरूण-पांघरूण बघायला येणार, त्यात ही आत्तेसासू.

"उद्याचा भरवसा तुला असेल, मला नाही," अम्मा म्हणाल्या आणि काठी टेकत कोपऱ्यातल्या खोलीकडे निघाल्या.

मुकद्दसची नणंद सनोबर तेव्हा तुतीच्या झाडाखाली शेवटच्या दुलईचे टाके घालत बसली होती. शेजारी तिची पिंजायची मशीन फडक्याखाली झाकलेली, केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस, आणि समोर, शाळेला सुट्टी म्हणून, तिची सहा वर्षांची मुनिसा नुकत्याच भरलेल्या गादीवर उड्या मारत होती. हा खेळ नव्हता, काम होतं. उडी मारल्यावर टाचेला जमीन लागली तर कापूस कमी पडला असं समजायचं. मुनिसा या बाबतीत फार कडक होती. एका घरी तिनं तीनदा गादी उसवायला लावली होती आणि त्या घरच्या बाईनं तिला मूठभर बेदाणे देऊन तिचं तोंड गोड केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सनोबर या पोरीचा हात धरून भावाच्या दारात आली. नवरा रशियात इमारती बांधायला गेला, तिथंच दुसरा संसार मांडून बसला, आणि एक दिवस त्यानं फोनवर दोन वाक्यांत तलाक देऊन हिला मोकळं करून टाकलं. मग तिनं काय काय केलं नाही. टोप्यांवर भरतकाम केलं, नानच्या भट्टीवर लागली. पण भट्टीवर जायचं पहाटे चारला, आणि मुनिसाला झोपेतच कडी घालून जावं लागायचं. एकदा पोर उठून दारापाशी रडत बसलेली शेजारणीला सापडली, त्या दिवशी सनोबरनं भट्टी सोडली. मग यंदा वसंतात एका म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं दुकान बंद केलं आणि त्याची मशीन हिनं उचलली.

तेव्हापासून तिचा हा धंदा. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये मशीन घालून नऊला एखाद्या घरी जायचं, वर्षानुवर्षं बसून दगड झालेल्या गाद्या अंगणात उसवायच्या, कापूस पिंजायचा, भरायचा, शिवायचा, आणि तीनला शाळेच्या फाटकाशी हजर. गिऱ्हाइकानं दुसरी वेळ सांगितली तर ती सरळ नाही म्हणायची. तिचे नियम दोनच होते. गादी उसवताना घरच्या बाईनं समोर बसायचं, कारण लोक गादीत काय काय शिवून ठेवतात आणि विसरतात. आणि बोटभर रुंदीची का होईना, प्रत्येक कातरण पुरचुंडी बांधून त्या घरी परत द्यायची. ज्याचं कापड त्याच्या घरी, मी फक्त माझी सुई घेऊन जाते, असं ती म्हणायची.

हे सगळं तिच्या थोरल्या भावाला, बोतिरला, मनापासून पटलं असतं तर प्रश्नच नव्हता. बोतिर शाळेत कसरतीचा मास्तर. गळ्यात कायम शिट्टी. मनानं चांगला, पण बहीण रोज परक्या दारी जाते याचा त्याला घोर लागलेला. त्यांची मामेबहीण फरीदा रशियात फळांच्या गोदामात होती आणि लोबारच्या लग्नासाठी आलेली होती. लग्नानंतर ती परत निघाली की सनोबरनं तिच्याबरोबर जावं, मुनिसाला इथं मुकद्दस सांभाळेल, असं बोतिरनं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. सनोबरनं फार वाद घातला तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, लोबारच्या चौदा गाद्या-दुलया तू कर. विहीणबाईंनी नाव ठेवलं नाही तर मशीन अंगणात राहील आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. पण लग्नाच्या कामात तुझ्या हातून काही उणं झालं, तर या गावात तुला कुणी गादीला हात लावू देणार नाही, आणि मग गुपचूप फरीदाबरोबर निघायचं.

मुनिसानं हे कुठूनसं ऐकलं होतं. परवाच तिनं विचारलं होतं की रशियातल्या लोकांच्या गाद्या मऊ असतात का, मग तिथं तुला माझी गरज लागणार नाही ना. 

तर अम्मा कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या रिकाम्या हातानं. तोंडानं काही बोलेनात. अम्मा बोलत नाहीत हेच इतकं नवलाचं होतं की मुकद्दस झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"माझं कापड कुठंय?" अम्मांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांची नजर बैठकीच्या खोलीकडे गेली. तिथं लोबारच्या नव्या संदुकीवर चौदापैकी तयार झालेल्या बारा गाद्या-दुलयांची चळत रचलेली होती. वरच्या चार जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या.

सनोबरच्या हातातली सुई तशीच राहिली. मुकद्दसनं एकदा चळतीकडे बघितलं, एकदा सनोबरकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पट्ट्यांचं कापड आमच्याकडे घरोघर असतं, त्यामुळे काल रात्री चळत रचताना तिच्या डोक्यात काही आलंच नव्हतं.

मग काय झालं, कसं झालं, याचा उलगडा सगळे एकदम बोलत असताना हळूहळू झाला. मुकद्दसनं सांगितलं होतं, कोपऱ्यातल्या खोलीतल्या संदुकीत वरच कापडाच्या घड्या आहेत, त्या घे. तिच्या डोक्यात लोबारची संदूक. पण भिंतींना रंग देताना बोतिरनं संदुका हलवल्या, लोबारची बैठकीत आली आणि अम्मांची कोपऱ्यात गेली, आणि हे त्यानं बायकोला सांगितलंच नाही. सनोबरनं संदूक उघडली तर ती अम्मांची. गाठोडं फुगून बसत नव्हतं म्हणून अम्मांनी रेशमी कापड त्याच्यावर वेगळं ठेवलेलं. सनोबरनं ते ओळखलं होतं. लहानपणापासून बघितलेलं, अक्रोडाच्या पाल्याचा वास येणारं ते कापड ती कसं ओळखणार नाही?

"ओळखलंस आणि तरी कात्री लावलीस?" मुकद्दस म्हणाली.

"मला वाटलं, अम्मांनीच लोबारला दिलं. तुम्हीच तर घे म्हणालात."

"मी मरणाचं कापड नवरीच्या अंथरुणाला लाव म्हणेन? मी?"

अम्मा आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बोतिरनं सवयीनं शिट्टी तोंडाला लावली आणि मग काय करतोय ते कळून ती खाली सोडली. त्यानं ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. चार दुलया आता उसवणं शक्य नाही. विहीणबाईंना यातलं काही कळता कामा नये, त्या बघतील, चहा पितील, जातील. पुढचं पुढे बघू. मुकद्दसनं मान हलवली. त्या घरात नवरा-बायकोचं इतक्या पटकन एकमत गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आणि मग मुकद्दस हळूच, पण सनोबरला ऐकू जाईल असं, बोलून गेली की म्हणूनच मी पहिला टाका शेजारच्या हनीफाकडून घालून घेतला होता. तिचा नवरा आहे, नऊ नातवंडं आहेत. ज्या बाईचा संसार मोडलाय तिनं नवरीच्या गाद्या भरू नयेत म्हणतात ते काही उगाच नाही.

बोलल्याबरोबर तिला वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. पण बोललेलं बोलून झालं होतं. सनोबरला इतकं लागलं की डोळ्यांपुढचं अंगण गढूळ दिसायला लागलं. बोतिरही नजर चुकवत म्हणाला, "म्हणूनच म्हणत होतो, फरीदाबरोबर जा. तिथं निदान असल्या भानगडी नाहीत."

सनोबर कात्री आणि उसवणी घेऊन अम्मांच्या खोलीत गेली. अम्मा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"अम्मा, मी उसवते. दोनपर्यंत चारही खोळी काढते."

"टाके पडलेलं कापड पुन्हा कोरं होतं का गं? भोकं राहतील."

"राहतील," सनोबर म्हणाली. खोटं कसं बोलणार, कापडाचं तिला कळत होतं.

"ह्यांच्या मागावरचं शेवटचं कापड ते. ते विणलं आणि माग विकला. चाळीस वर्षं मी त्यातलं बोटभर कुणाला दिलं नाही. आणि आता मी मेल्यावर काय फाडणार तुम्ही माझ्या नावानं? वर्तमानपत्र?"

सनोबरला रडू येत होतं आणि मधेच हसूही फुटलं. तिनं अम्मांच्या पायावर डोकं टेकलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. ते कापड संदुकीत दिसलं तेव्हा तिला वाटलं होतं, अम्मांनी आयुष्यभर जपलेलं कापड नातीच्या संसाराला दिलं. तिला इतकं भरून आलं की अम्मांना विचारायचंच राहून गेलं. त्या चार दुलयांना तिनं बाकीच्या दहांपेक्षा दाट टाके घातले होते, कुणी सांगितलं नसताना.

अम्मा भिंतीकडेच बघत राहिल्या. पण पाय मागे घेतले नाहीत.

दोनला पाच मिनिटं कमी असताना फाटक वाजलं.

विहीणबाई, म्हणजे इनोबत, प्रसूतिगृहातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलेलं आणि त्यातल्या निम्म्यांना पहिला फटका तिनंच दिलेला, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. धाग्यातली गाठ ती लांबून ओळखते अशी तिची ख्याती. बरोबर चार बायका, तशाच. खाण्यासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर चहा झाला, समसे झाले, पुलावाचं काय ठरलं, किती माणसं येणार, सगळं झालं. लोबार रीतीप्रमाणे कोपऱ्यात मान खाली घालून उभी. सनोबर दारापाशी. मुनिसा तिच्या परकराला धरून.

मग इनोबत उठली आणि चळतीकडे गेली. तिनं दुलईच्या कडेवरून अंगठा फिरवला. टाके मोजल्यासारखे बघितले. एक गादी उपसायला लावली, कोपरानं दाबली आणि ती कशी वर येते ते पाहत राहिली. सोबतच्या बायका तिच्या चेहऱ्याकडे बघून आपलं मत ठरवत होत्या.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. मुकद्दसचा अडकलेला श्वास सुटला. बोतिर अंगणातून खिडकीशी कान लावून उभा होता, त्यानंही सोडला.

मग इनोबतनं वरची जांभळी दुलई ओढली आणि कापड दोन बोटांत चोळलं. "हे कुठलं? अशी वीण आता बाजारात मिळत नाही. कुठल्या दुकानातून आणलंत?"

मुकद्दस एखाद्या जुन्या दुकानाचं नाव शोधत असणार. ओठ हललेही तिचे. सनोबरला ते दिसलं. गप्प राहिलं की झालं, दुलया जातील, हात चांगला आहे असं विहीण गावभर सांगेल, मशीन अंगणात राहील. पण उद्या लोकांच्या अंगणात बसून त्यांच्या गाद्या उसवायच्या कुठल्या तोंडानं? लोक तिच्यापुढे घरचं आतलं अस्तर उघडं करतात ते कशाच्या जोरावर? आणि हे कधी ना कधी कळणारच होतं, आणि कळेल तेव्हा ऐकून घ्यावं लागेल ते सासरी गेलेल्या लोबारला.

"दुकानातलं नाही," सनोबर म्हणाली. "अम्मांच्या शेवटच्या गाठोड्यातलं आहे. फाडून द्यायचं कापड. माझ्या हातून चुकून कापलं गेलं."

 सोबतच्या एका बाईनं दुलईवरचा हात पटकन काढला.

"तिची चूक नाही," मुकद्दस म्हणाली. स्वतःच्याच आवाजानं दचकल्यासारखी झाली, पण थांबली नाही. "संदूक मी सांगितली. तिनं मी सांगितलं ते केलं."

"संदुका मी हलवल्या," खिडकीतून बोतिर म्हणाला. वर्गातली पोरं एकेक करून उभी राहतात तसं चाललं होतं. मग कोपऱ्यातून लोबार, जिनं त्या दिवशी तोंड उघडायचंच नव्हतं, तीही म्हणाली की मला ते कापड आवडलं होतं.

इनोबतच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं दुलई खाली ठेवली नाही.

"वय काय त्यांचं?" तिनं विचारलं.

"शहाऐंशी."

"चालतात?"

"सकाळपासून घरभर फिरतायत."

"दात?"

"दोन गेलेत," मुकद्दस म्हणाली.

"ऐकू येतं का?"

"तुमचं सगळं ऐकू येतंय मला," आतल्या खोलीतून अम्मांचा आवाज आला.

इनोबत मटकन गादीवर बसली. इतका वेळ ताठ असलेली ती बाई एकदम थकल्यासारखी दिसली. मग ती जे बोलली ते ऐकायला बोतिर खिडकीतून अर्धा आत आला.

"आमच्या घरात साठी कुणी बघितली नाही. आई बेचाळिसाव्या वर्षी गेली. सासरे पन्नासला, नवरा छप्पन्नला. मी हजारभर पोरं या हातांनी जगात आणली, पण माझ्या घरात म्हातारं माणूस कसं असतं ते मला माहीत नाही. कुठं कुणी नव्वदीचं गेलं असं कळलं की मी लोकांना ढकलत पुढं जाते, कापडाचा तुकडा मिळावा म्हणून. त्यांचं आयुष्य लाभावं म्हणून आणून मुलाच्या उशीत शिवते. सव्वीस वर्षं शिवतेय. नखाएवढे तुकडे. आणि तुम्ही माझ्या मुलाच्या अंथरुणाला आख्खं कापड लावलंत, ते पण बाई जिवंत असताना?"

तिनं दुलई तोंडाशी धरली. कपाळाला लावली. मग डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काही उरलंय का त्यातलं?"

तेवढ्यात ज्या बाईनं हात काढून घेतला होता तीच सगळ्यात पुढे सरकली. माझ्या सुनेला सातवा महिना आहे, मला एक तुकडा हवा, असं तिचं म्हणणं. दुसरीच्या नातवाला दम्याचा त्रास. तिसरीला कारण सुचेना, पण तुकडा हवाच होता.

सनोबर स्वयंपाकघरात गेली. फळीवर, मिठाच्या बरणीमागे, तिनं दोन दिवसांपूर्वी रीतसर बांधून वहिनीच्या हातात दिलेली कातरणांची पुरचुंडी होती. मुकद्दसनं न उघडताच तिकडे टाकलेली. बोटभर, दोन बोटं, काही वीतभर पट्ट्या, सगळ्या तिथं होत्या. एकही कमी नव्हती.

ती पुरचुंडी सोडतेय तोवर काठीचा आवाज आला. अम्मा दारात. डोक्याला नवा रुमाल बांधलेला, त्या बारातला एक.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "माझं कापड मी फाडीन."

त्यांना चळतीशेजारी उंच गादीवर बसवलं. पुढचा अर्धा तास त्या घरात जे चाललं होतं ते मर्गिलाननं आधी कधी बघितलं नसेल. अम्मा स्वतःच्या हातानं आपल्या नावाचं कापड फाडत होत्या आणि वाटत होत्या. आणि फुकट नाही. प्रत्येकीनं तुकडा घेण्याआधी सांगायचं, मी गेल्यावर माझ्याबद्दल काय बोलाल. "तेव्हा बोललात तर मला काय कळणार?" त्या म्हणाल्या. मग बायकांनी सुरुवात केली. कुणी म्हणालं, अम्मांच्या हातचं नान अख्ख्या गल्लीत कुणाला जमलं नाही. कुणी म्हणालं, तोंडानं तिखट, पण कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिलं सूप त्यांच्याकडचं. मुकद्दस म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा मी रोज रडायचे आणि त्या रोज माझ्याशेजारी येऊन काही न बोलता कांदा चिरायच्या, म्हणजे मला कांद्याच्या नावावर रडता यावं. हे बोतिरलाही ठाऊक नव्हतं. लोबार हुंदके द्यायला लागली.

"मयताला रडायची रीत ही एकटीच सांभाळतेय," अम्मा म्हणाल्या. "बाकीच्या नुसत्या हसताय."

बोतिर आत येऊन हात पुढे करून उभा राहिला.  तो म्हणाला, तुम्ही मला पोहायला शिकवलंत, कालव्यात ढकलून. अम्मांनी त्याला जरा रुंद पट्टी दिली. त्यानं ती शिट्टीच्या दोरीला बांधली.

निघताना इनोबत सनोबरपाशी थांबली. "आमच्याकडे तेवीस गाद्या आहेत. सासूबाईंच्या वेळच्या. वर बसलं की कुल्ले दुखतात. तुम्ही येणार का?"

"येईन," सनोबर म्हणाली. "पण मी नऊला येते आणि तीनच्या आत निघते. हिची शाळा सुटते."

इनोबतनं खाली बघितलं. मुनिसानं तिच्याकडे बघितलं.

"ही काय करते?"

"मी उड्या मारते," मुनिसा म्हणाली. "जमीन लागली तर परत करावं लागतं."

"मग सुट्टीच्या दिवशी हिलाही आणा," इनोबत म्हणाली, आणि सोबतच्या चौघींकडे वळून सांगितलं की तुम्ही माझ्यानंतर, आत्ताच वार ठरवून घ्या, नंतर ही मिळायची नाही. चौघींनी फाटकात उभ्या राहूनच वार ठरवले. सातव्या महिन्याच्या सुनेवालीनं तर बाळाची गादीसुद्धा सांगून टाकली.

त्या गेल्यावर बोतिर तुतीखाली मशीनजवळ उभा राहिला. फडकं एका बाजूनं उडालं होतं, ते त्यानं नीट खोचलं. मग फोन लावला. सनोबर भांडी उचलता उचलता ऐकत होती. "फरीदा, तू एकटीच नीघ," तो म्हणाला. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. "नाही, नाही, रुसली नाहीये. तिला वेळ नाही." फोन ठेवून तो बहिणीकडे न बघता म्हणाला की हिवाळ्याच्या आत या मशीनवर पत्र्याचं छप्पर घालायला हवं, आणि हौदाकडे निघून गेला. मुकद्दस आतून उरलेले समसे घेऊन आली. ताटली सनोबरपुढे ठेवून जराशी घुटमळली. मग सनोबरच्या भुवयांत अडकलेला कापूस तिनं चिमटीनं काढला, दोन्ही भुवयांतला, आणि पुन्हा आत गेली. सनोबरनं समसा तोंडात घातला तेव्हा तिला कळलं की तिनं सकाळपासून काही खाल्लेलंच नाही.

ऊन उतरायला लागलं तशी अम्मांनी तिला हाक मारली. अम्मांच्या मांडीवर एकच पट्टी उरली होती, आपल्यासाठी राखून ठेवलेली. गाठोडं शेजारी सोडलेलं. रुमाल अकराच.

"बस," त्या म्हणाल्या. "आता हे सगळं परत नव्यानं करायला लागणार. कापड मी बघते, कुणाच्या तरी मागावर चांगलं निघालं की घेऊ. पण मला एक सुचलं. माझ्या दिवसाला माणसं येतील ती कशावर बसवणार? त्या सगळ्या जुन्या गाद्या आहेत आपल्या. नाव ठेवतील लोक."

"नव्या करते," सनोबर म्हणाली.

"बारा कर. लांबट. कापूस दाबून भर. आणि ही पोर उड्या मारून बघेल तेव्हाच मी पसंत करणार."

सनोबरनं कामाची वही आणली. तेवीस गाद्यांच्या खाली, चार बायकांच्या चार वारांच्या खाली, बाळाच्या गादीच्याही खाली तिनं लिहिलं, तुर्सुनॉय अम्मा, बारा. मग तिनं सगळ्या गिऱ्हाइकांना विचारायची तसं विचारलं, कधीपर्यंत हव्यात.

अम्मांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मुनिसा अंगणात रिकाम्या पोत्यावरून उड्या मारत होती. लोबार चळतीवरच्या जांभळ्या दुलईवर गाल टेकून बसली होती, कुणी बघत नाहीये असं समजून. अम्मांनी ती उरलेली पट्टी बोटाला गुंडाळली.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "आधी बाहेरची कामं उरक."